एक्झिट स्कॅम (डार्क वेब बाजारांतील)

वापरकर्त्याची ओळख लपविणाऱ्या टॉर या संगणकीय जाळ्यावरील गुप्त बाजाराच्या संचालकाने किंवा तेथील एखाद्या विक्रेत्याने इतरांचे क्रिप्टो चलन घेऊन अचानक पसार होणे, या फसवणुकीच्या प्रकारास एक्झिट स्कॅम म्हणतात. या बाजारांत बनावट दुव्यांवरून पासवर्ड चोरणे, भेसळ करणे, माल न पाठविणे अशा फसवणुकीही चालतात. परंतु त्यांची झळ एकेका ग्राहकाला बसते, तर संचालकाच्या पलायनात सर्वांचेच पैसे एकदम बुडतात.

त्याचे मूळ एस्क्रो पद्धतीत आहे. सिल्क रोड (२०११–१३) या बाजाराने रूढ केलेल्या या पद्धतीत माल पोहोचेपर्यंत ग्राहकाची रक्कम बाजाराकडे अनामत राहते. त्यामुळे अनोळखी विक्रेत्यापासून ग्राहकाला काहीसे संरक्षण मिळते. पण असंख्य अनामती तितक्याच अनोळखी संचालकाच्या हाती एकवटतात आणि बाजाराची भरभराट होईल तसे पलायनाचे आमिषही वाढते. माल मिळण्यापूर्वीच रक्कम मोकळी करण्याची, म्हणजे ‘फायनलाइज अर्ली’ची, मुभा विक्रेत्यांच्या पथ्यावर पडली. एप्रिल २०१२ मध्ये सिल्क रोडवरील टोनी७६ या टोपणनावाच्या, तोवर उत्तम अभिप्राय मिळविलेल्या विक्रेत्याने सवलतीची विक्री जाहीर करून अशा आगाऊ रकमा उचलल्या व तो नाहीसा झाला.

संचालकांच्या पलायनाचे आरंभीचे मोठे उदाहरण म्हणून बहुधा शीप मार्केटप्लेसचा निर्देश होतो; मात्र ते निर्विवाद नाही. सिल्क रोड बंद पडल्यावर भरभराटीला आलेला हा बाजार २०१३ च्या नोव्हेंबरअखेरीस वा डिसेंबरच्या आरंभी बंद झाला. एका विक्रेत्याने प्रणालीतील दोषाचा फायदा घेऊन ५,४०० बिटकॉइन चोरल्याचे संचालकांनी जाहीर केले, पण बहुतेकांनी ही थाप मानली. बिटकॉइनच्या सर्व व्यवहारांची नोंद असलेल्या सार्वजनिक खातेवहीवरून माग काढणाऱ्या काही ग्राहकांनी चोरीचा आकडा ९६,००० बिटकॉइनपर्यंत नेला आणि तो आजही उद्धृत होतो. तथापि त्यांनी गाठलेले खाते बीटीसी-ई या क्रिप्टो चलनाच्या विनिमय केंद्राचे असावे, हे नंतरचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. कारण विनिमय केंद्रात सर्व ठेवीदारांची नाणी एकत्र मिसळतात व तेथून पुढचा माग केंद्राच्याच अंतर्गत उलाढालीचा ठरतो. पुढे अमेरिकी सरकारी वकिलांनी फ्लोरिडातील दोघांचा या बाजारातील चोरीशी संबंध जोडला, तर २०१५ मध्ये चेक प्रजासत्ताकात संचालक असल्याच्या संशयावरून एकाला अटक झाली. यावरून बाहेरची चोरी आणि आतले पलायन या दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात, असे मानण्यास जागा आहे.

इव्होल्यूशन या बाजाराबाबत असा वाद नाही. मार्च २०१५ मध्ये पैसे काढण्यास विलंब होऊ लागला आणि थोड्याच दिवसांत बाजार नाहीसा झाला. बुडालेली रक्कम सुमारे १.२ कोटी डॉलर असल्याचा अंदाज आहे. एम्पायर मार्केट ऑगस्ट २०२० मध्ये असेच बंद पडले.

बाजार बंद पडण्याचे कारण तत्काळ कळत नाही, याचा लाभ तपास यंत्रणांनीही घेतला. जुलै २०१७ मध्ये अल्फाबे हा बाजार बंद पडताच अनेकांनी त्याला एक्झिट स्कॅम ठरविले आणि हान्सा या बाजाराकडे धाव घेतली. प्रत्यक्षात अल्फाबेवर पोलिसी कारवाई झाली होती व हान्सा जूनपासून डच पोलीसच चालवीत होते.

प्रतिबंधासाठी बहुस्वाक्षरी एस्क्रो सुचविला जातो. त्यात ग्राहक, विक्रेता व बाजार यांच्याकडील तीन गुप्त डिजिटल किल्ल्यांपैकी (सांकेतिक स्वाक्षऱ्यांपैकी) दोन जुळल्याखेरीज रक्कम हलत नाही. संचालकाला एकट्याने पैसे उचलता येत नाहीत, पण विक्रेत्याशी संगनमत करता येते. शिवाय ही पद्धत किचकट असल्याने तिचा वापर मर्यादितच राहिला.

अलीकडे पलायनाला खंडणीची जोड मिळालेली दिसते. मार्च २०२४ मध्ये इन्कॉग्निटो मार्केटने जमा रकमा अडकवून ठेवल्या आणि वर व्यवहारांच्या नोंदी उघड करण्याची धमकी देत विक्रेत्यांकडे १०० ते २०,००० डॉलर मागितले. मुळात व्यवहारच बेकायदा असल्याने फसलेले ग्राहक सहसा तक्रार करीत नाहीत. इन्कॉग्निटोच्या संचालकाने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिलेला कबुलीजबाबही अमली पदार्थांचा कट, काळ्या पैशाची उलाढाल आणि भेसळयुक्त औषधांची विक्री या आरोपांपुरता होता; ग्राहकांच्या फसवणुकीचा त्यात समावेश नव्हता.