लेन्स बसवणारे डॉक्टर एकटे होते तेव्हा

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हटलं की लेन्स टाकणार हे आपण आता धरूनच चालतो, पण हीच लेन्स आधी डॉक्टरांच्याच परिषदेत नाकारली गेली होती आणि पुढे डॉक्टरांच्याच संघटनांनी ती तारली, हे फारसं कुणी सांगत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांची पहिली संघटना जर्मनीतली, १८५७, हायडलबर्ग, पुढाकार नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफेंचा. इंग्लंडची १८८० ची, आपली ऑल इंडिया ऑफ्थॅल्मॉलॉजिकल सोसायटी १९३० ची, तिचं जर्नल १९५३ पासून. अवघड केस एकमेकांपुढे मांडायची, त्यावर बोलायचं आणि छापायचं, एवढंच मुळात काम.

आता इंग्लंडचे नेत्रतज्ज्ञ रिडली यांचं बघा. महायुद्धात विमानाच्या पर्स्पेक्सचे, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसायचे आणि डोळा ते निमूट सहन करतो हे हॅरॉल्ड रिडलींच्या लक्षात आलं, मग २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी त्याच मटेरियलची लेन्स माणसाच्या डोळ्यात बसवली. तोपर्यंत मोतीबिंदू काढला की आयुष्यभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. १९५१ मध्ये ते पेशंट घेऊन ऑक्सफर्डच्या परिषदेला गेले, तर तेव्हाचे सगळ्यात वजनदार नेत्रतज्ज्ञ ड्यूक-एल्डर यांनी पेशंट तपासायलाच नकार दिला. विरोध अगदीच उगाच नव्हता, सुरुवातीच्या लेन्स जड होत्या, सरकायच्या, डोळ्याचं प्रेशर वाढायचं. पण न बघताच नाही म्हणणं मला आजही खटकतं.

म्हणून १९६६ मध्ये रिडली आणि पीटर चॉइस यांनी डोळ्याच्या आत लेन्स बसवणाऱ्यांचा वेगळा इंट्राऑक्युलर इम्प्लांट क्लब काढला. लेन्स बसवणारे मोजकेच, आपापल्या शहरात एकटे आणि टीकेचे धनी, त्यांना आपली बिघडलेली ऑपरेशन्ससुद्धा मोकळेपणाने बोलून दाखवता येतील अशी जागा मिळाली, आणि माझ्या मते लेन्स सुधारली ती अशा बोलण्यातून. १९७४ ला अमेरिकेत केनेथ हॉफर यांनी तशीच सोसायटी उभी केली, १९८१ मध्ये एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता आली.

आपल्याकडे १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांनी ऑरोलॅब हा कारखाना काढून लेन्स स्वस्त केली, पण नुसती लेन्स स्वस्त होऊन भागत नाही, ती बसवायचा हातही तयार लागतो, आणि तालुक्याच्या डॉक्टरला तो शिकायला कॉन्फरन्समधली लाइव्ह सर्जरी आणि वर्कशॉप फार उपयोगी पडतात.