थ्रेडना थोपवून धरणारा आकडा

"सर, पाचशे थ्रेड लावलो, तरी प्रोग्राम आधीपेक्षा हळूच चालूलालाय." प्रोजेक्टचे दिवस आले की बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत अशा तक्रारी सुरू होतात. वाचनालयाच्या हजारो पुस्तकांची यादी डेटाबेसात भरायची आहे ना, मग सोडा पुस्तकामागे एक थ्रेड, असा हिशोब असतो. मोबाइलच्या जाहिरातींनी 'आठ कोअर, म्हणजे सुसाट' हे इतकं ठसवलंय की जास्त म्हणजे जलद, याबद्दल कुणाला शंकाच येत नाही.

थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामात, एकच मेमरी वापरत, बरोबरीने चालणारी कामं. नुसती आकडेमोड असेल तर कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, जितके, साधारण तितकेच थ्रेड कामाचे. बाकीच्यांची आत-बाहेर करण्यातच वेळ जातो. कामात वाट बघणं जास्त असेल, म्हणजे नेटवर्कची, डेटाबेसच्या उत्तराची, तर मात्र जास्त थ्रेडचा फायदा होतो. पण मर्यादा समोरच्यालाही असते. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात १०० कनेक्शनांवर बेतलेला येतो. ती भरली की 'गिऱ्हाइकं आधीच फार झालीत' अशा अर्थाचा संदेश देऊन तो पुढच्याला परत पाठवतो. म्हणजे थ्रेड पाचशे असले तरी चालतील, पण एका वेळी आत वीसच जावेत, अशी सोय हवी. ती सोय म्हणजे काउंटिंग सेमाफोर.

चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या वाचकांनी गळीत हंगामातला साखर कारखाना डोळ्यांपुढे आणावा. समजा, यार्डात वीसच ट्रॅक्टर मावतात. गेटवरच्या माणसाकडे वीस बिल्ले आहेत. आत जाताना एक घ्यायचा, गव्हाणीत ऊस रिकामा करून बाहेर पडताना परत द्यायचा. बिल्ले संपले की मागच्याने रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करून थांबायचं. सेमाफोर म्हणजे त्या बिल्ल्यांचा आकडा आणि त्यावरच्या फक्त दोन क्रिया: एक घेणं, एक देणं. घ्यायला गेलं आणि आकडा शून्य असेल तर थ्रेड झोपतो. कुणी परत दिला की झोपलेल्यांपैकी एकाला उठवलं जातं. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडली. आइंडहोव्हनला आपल्या गटाबरोबर त्यांनी जी ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली, तिची सगळी घडी याच दोन क्रियांवर बसवली होती. १९६८ साली त्यांनी तिच्यावर शोधनिबंध लिहिला. १९७२चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. 'आकडा बघ, शून्य नसेल तर एक वजा कर' हे कागदावर एक वाक्य असलं तरी प्रोसेसरला त्यासाठी अनेक पायऱ्या चढाव्या लागतात: मेमरीतला आकडा रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात, आणायचा, तपासायचा, एक वजा करायचा, परत मेमरीत लिहायचा. समजा, आकडा १ आहे. पहिल्या थ्रेडने तो १ वाचला आणि नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला बाजूला करून दुसऱ्याला बसवलं. दुसऱ्यानेही १ वाचला, वजाबाकी करून ० लिहिला आणि तो आत गेला. पहिला परत आला तेव्हा त्याच्या रजिस्टरमध्ये जुना १ तसाच होता. त्यानेही वजाबाकी केली, ० लिहिला आणि तोही आत. जागा एक, माणसं दोन, आणि आकडा बघावा तर अगदी बरोबर, शून्य! घोटाळा इथेच संपत नाही. दोघं बाहेर पडताना प्रत्येकी एक मिळवतात आणि आकडा २ होतो. सुरुवातीला १ होता. म्हणजे एक खोटी जागा कायमची तयार झाली, आणि ही चूक कुठल्याच ओळीत दिसत नाही.

यावरचा उपाय थेट प्रोसेसरमध्येच आहे. 'मेमरीत अजून १च असेल तरच ० लिही, नाहीतर जमलं नाही म्हणून सांग' एवढं सगळं एका अखंड सूचनेत होतं आणि ती चालू असताना दुसरा कोअर त्या जागेला हात लावू शकत नाही. ज्याला 'जमलं नाही' असं उत्तर मिळतं तो नवा आकडा वाचून पुन्हा प्रयत्न करतो.

मग झोपण्याचा प्रश्न उरतो. थ्रेडने आकडा शून्य पाहिला, तो झोपायला निघाला, आणि डोळा लागण्याआधीच कुणीतरी जागा परत करून हाक मारली. झोपलेलं कुणीच नाही, हाक वाया गेली, आणि नंतर हा निवांत झोपला तो कायमचाच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे फार सुंदर रीतीने सोडवलंय. झोपायला जाताना थ्रेड कर्नेलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, आपण पाहिलेला आकडाही सांगतो. कर्नेल आधी स्वतःचं कुलूप लावतं, आकडा अजून तोच आहे का ते बघतं आणि मगच झोपवतं. आकडा बदलला असेल तर थ्रेड तसाच परत फिरतो. जागा मोकळी असेल तेव्हा तर कर्नेलकडे जायचीही गरज पडत नाही, काम प्रोग्रामातल्या प्रोग्रामात उरकतं.

या चुका कधीतरीच उगवतात, म्हणून त्यांच्यावरचे तोडगेही निघालेत. दोन ओळींच्या मध्ये शंभर मिलिसेकंदांची विश्रांती घालायची, चूक दिसेनाशी झाली की सुटल्याचा निःश्वास टाकायचा. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. विश्रांतीने फक्त वेळा सरकतात, कारण तसंच राहतं, आणि सर्व्हरवर भार वाढला की चूक पुन्हा वर येते. तोडगा आणि उपाय यांतला फरक कळण्यासाठीच तर विज्ञान शिकायचं.

दुसरा गैरसमज व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या उत्तरपत्रिकांत सापडतो: एकच जागा असलेला सेमाफोर म्हणजे म्युटेक्स. म्युटेक्स म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, पण त्याला मालक असतो. ज्याने कुलूप लावलं त्यानेच काढायचं. सेमाफोरमध्ये एकाने घ्यावं आणि दुसऱ्याने द्यावं, हीच तर खरी ताकद. दहा खणांचा बफर, म्हणजे माल तात्पुरता ठेवायची जागा, घ्या. एक थ्रेड माल भरतो, दुसरा उचलतो. 'रिकामे' हा सेमाफोर १० पासून सुरू होतो, 'भरलेले' हा ० पासून. भरणारा 'रिकामे'मधून एक घेतो आणि 'भरलेले'मध्ये एक देतो. उचलणारा नेमकं उलटं करतो. बफरला हात लावताना मधे म्युटेक्स लागतो, आणि तो सेमाफोरच्या नंतरच घ्यायचा. आधी म्युटेक्स घेतला आणि बफर भरलेला निघाला, तर भरणारा कुलूप हातात धरून झोपतो. उचलणाऱ्याला आत यायला तेच कुलूप हवं असतं. दोघंही अडकतात. हाच डेडलॉक, आणि तो होतो दोन ओळींची अदलाबदल झाली म्हणून.

कारखान्याचं उदाहरण एका ठिकाणी तुटतं. तिथे ज्याचा नंबर आधी, तो आधी. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या सेमाफोरमध्ये तसं हवं असेल तर मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर नवा आलेला मधेच घुसू शकतो. घेतलेली जागा वाटेत चूक होऊन परत द्यायची राहिली तर आकडा हळूहळू झिजतो आणि काही तासांनी सगळंच ठप्प होतं. म्हणून पायथन या भाषेत 'विथ' आणि जावात 'फायनली' वापरायची सवय हवी, म्हणजे वाटेत चूक झाली तरी जागा परत दिली जाते. जागा जास्त वेळा परत दिली गेली तर पायथनचा 'बाउंडेड सेमाफोर' तिथल्या तिथे चूक दाखवतो. शिकणाऱ्याने तोच वापरावा.

आकडा वीसच का? एका नोंदीला डेटाबेसात ५० मिलिसेकंद लागत असतील आणि सेकंदाला २०० नोंदी हव्या असतील, तर २०० गुणिले ०.०५, म्हणजे दहा जागा पुरतात. थोडी ऐस म्हणून वीस. त्यापुढे आकडा वाढवून बघावा, आणि वेग वाढायचा थांबला की तिथेच थांबावं. मात्र असा सेमाफोर आपल्याच प्रोग्रामातले थ्रेड मोजतो. लॅबमधल्या सहा मुलांनी तोच प्रोग्राम एकाच डेटाबेसवर सोडला तर सहा गुणिले वीस, म्हणजे १२० होतात, आणि पोस्टग्रेस पुन्हा दार लावतो.