एक्सकॉम २

एक्सकॉम २ : परग्रहवासीयांनी जिंकलेली पृथ्वी सोडवण्याच्या लढ्यावर बेतलेला, पाळीपाळीने खेळायचा डावपेचांचा व्हिडिओ गेम. फिरॅक्सिस गेम्स या अमेरिकन कंपनीने तो तयार केला. टूके या प्रकाशक कंपनीने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी तो विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी बाजारात आणला. प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर तो त्याच वर्षी सप्टेंबरात आला. जेक सॉलोमन हे त्याचे मुख्य रचनाकार. मालिकेचे मूळ ज्युलियन गोलप यांच्या १९९४ सालच्या खेळात आहे. फिरॅक्सिसने २०१२ मध्ये ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ काढून मालिकेला नवा जन्म दिला, एक्सकॉम २ हा त्याचाच पुढचा भाग.

पहिल्या भागात खेळाडू हरला, असे धरून हा भाग सुरू होतो. २०१५ मध्ये पृथ्वी शरण गेली. आता २०३५ साल असून ‘अ‍ॅडव्हेंट’ नावाची राजवट परग्रहवासीयांच्या वतीने जगाचा कारभार पाहते. सैन्याच्या जागी आता गनिमी तुकडी आहे आणि तिचा तळ म्हणजे ‘अ‍ॅव्हेंजर’ हे शत्रूकडूनच हस्तगत केलेले यान. कथेतला हा बदल खेळाच्या नियमांतही उतरला आहे : पहिला हल्ला बहुधा आपण करायचा, काम उरकायचे आणि निघायचे. पहिल्या भागासारखे आडोशाआड बसून शत्रूची वाट पाहणाऱ्याला इथे बहुतेक मोहिमांतले घड्याळच, म्हणजे ठरावीक पाळ्यांची मर्यादा, हरवते.

टक्के आणि आडोसा : प्रत्येक सैनिकाला एका पाळीत दोन चाली मिळतात. निळ्या रेषेच्या आत हललात तर एक चाल उरते, पिवळ्या रेषेपर्यंत धावलात तर दोन्ही संपतात. गोळी झाडली की त्या सैनिकाची पाळी सहसा तिथेच संपते. नव्या भरतीच्या सैनिकाचा नेम ६५ असतो. अर्धा आडोसा शत्रूला २० चे संरक्षण देतो आणि पूर्ण आडोसा ४० चे, म्हणजे अंतराचा परिणाम सोडला तर पूर्ण आडोशामागच्या शत्रूवर नवख्याला जेमतेम २५ टक्के संधी उरते. उंचावरून मारल्यास २० ची भर पडते. बगलेला जाऊन आडोसा निरुपयोगी केला तर संरक्षण शून्यावर येते आणि जबर इजेची शक्यता ४० ने वाढते. चांगली जागा गाठण्यात घालवलेली चाल ही वाईट जागेवरून मारलेल्या दोन गोळ्यांपेक्षा मोलाची असते, ती यामुळे.

नवखे खेळाडू टक्केवारीवर सर्वाधिक चिडतात. ८५ टक्के म्हणजे ‘लागणारच’ असे मनाने धरलेले असते. पण ८५ टक्क्यांच्या चार गोळ्या ओळीने लागण्याची शक्यता ५२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळपास छापा-काटाच. त्यामुळे मुरलेला खेळाडू आधी खात्रीची साधने मोजतो. हातबॉम्ब चुकत नाही. साधा बॉम्ब ३ ते ४ इजा करतो, चिलखत थोडे फाडतो आणि आडोसाही उडवतो, त्यामुळे पुढच्या सैनिकाची गोळी सोपी होते. ‘स्पेशलिस्ट’ वर्गाच्या सैनिकाच्या ड्रोनचा विजेचा झटका सहसा चुकत नाही आणि यंत्रांना जास्त लागतो. बंदुकीला जोडायचा दस्ता नेम चुकला तरी ठरलेली इजा करतोच. शेवटचा एक-दोन जीव उरलेल्या शत्रूसाठी हा दस्ता सोन्यासारखा आहे, तरी नवखे तो विकून टाकतात.

क्रम साधारण असा ठेवावा : आडोसा उडवणारा आधी, मोठी इजा करणारा नंतर आणि ज्याच्याकडे सर्वांत जास्त पर्याय आहेत तो शेवटी. एका सैनिकाचे फळ दिसेपर्यंत दुसऱ्याला हलवू नये.

टोळ्या : शत्रू दोन-चारांच्या टोळीने नकाशावर फिरत असतो, खेळाडूंच्या भाषेत ‘पॉड’. टोळीला आपण दिसलो की तिला लगेच फुकटात पळून आडोसा गाठता येतो, मग पाळी आपली असली तरी. बहुतेक पराभवांचे मूळ इथे आहे. चार सैनिकांच्या चाली संपल्यावर पाचव्याला अंधारात धाववले, तिथे नवी टोळी जागी झाली आणि गोळी झाडायला कोणीच उरले नाही, असे घडते. उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे : नव्या जमिनीवर पहिले पाऊल पाळीच्या सुरुवातीला टाकावे, शेवटी नव्हे, आणि मागून येणाऱ्यांनी पुढच्याने पाहिलेल्या चौकटींतूनच जावे. एक टोळी जिवंत असताना बगल गाठण्याच्या मोहात दुसरी उठवणे हा दुसरा नेहमीचा घात.

बऱ्याच मोहिमा लपलेल्या अवस्थेत सुरू होतात. शत्रूची नजर पडणाऱ्या चौकटी लाल दिसतात. त्या टाळल्या की टोळी शेजारून गेली तरी तिला आपला पत्ता लागत नाही. छापा घालताना तिघा-चौघांना ओव्हरवॉचवर, म्हणजे हलणाऱ्यावर गोळी झाडण्याच्या तयारीत ठेवावे आणि उरलेल्याने पहिला वार करावा. एरवी ओव्हरवॉचच्या गोळीला नेमाची मोठी कपात सोसावी लागते. लपून घातलेल्या छाप्यात ती नसते. टोळी एकाच जागी दाटीने उभी असेल तर मात्र पहिला वार बॉम्बचा. गस्त जवळ येण्याची वाट पाहण्याला मर्यादा आहे, कारण मूळ खेळात लपलेले असतानाही घड्याळ चालूच राहते.

शत्रूंपैकी सेक्टॉइड लवकर भेटतो आणि बरेच शिकवून जातो. तो सैनिकाच्या मनाचा ताबा घेतो, मेलेल्याला उठवतो. उठलेल्या प्रेतांवर गोळ्या खर्चू नयेत; सेक्टॉइड मेला की तीही कोसळतात. मारणे जमत नसेल तर फ्लॅशबँग, म्हणजे शत्रूला गोंधळवणारा बॉम्ब, टाकावा, ताबा सुटतो. तलवार सेक्टॉइडवर उत्तम चालते. म्यूटॉनवर तीच उगारली तर तो वार अडवून उलटा मारू शकतो. कोडेक्स जखमी झाला की त्याचे दोन होतात, फ्लॅशबँग लागलेला असेल तर होत नाहीत. एका साध्या बॉम्बची जागा सोडून फ्लॅशबँग नेणे सुरुवातीच्या महिन्यांत कधीच वाया जात नाही.

जगाचा नकाशा : मोहिमांच्या मधल्या काळात पुरवठा, गुप्त माहिती, अभियंते आणि शास्त्रज्ञ गोळा करायचे असतात. वरच्या बाजूला शत्रूच्या ‘अवतार’ प्रकल्पाची १२ चौकटींची लाल पट्टी दिसते. ती भरली की उलटी गणती सुरू होते, पण तेवढ्याने खेळ संपत नाही. शत्रूचे एखादे केंद्र उडवले की पट्टी मागे सरते. घाबरून सगळे सोडून त्या केंद्राकडे पळणे चुकीचे, आणि तिथवर पोहोचण्याइतके प्रदेश जोडूनच न ठेवणे त्याहून चुकीचे. नवे प्रदेश जोडायला गुप्त माहिती लागते, म्हणून काळ्या बाजारात ती उधळताना हात आखडता घ्यावा.

तळावर आधी गनिमी प्रशिक्षण शाळा बांधण्याचा प्रघात आहे, कारण चारची तुकडी पाच आणि मग सहाची तिथूनच होते. सुरुवातीला खरी टंचाई अभियंत्यांची असते; बक्षीस निवडता येत असेल तर अभियंता घ्यावा. चुंबकीय बंदुकांचे संशोधन मागे पडले की चिलखती शत्रू येताच गोळ्या नुसत्या खरवडून जातात. जखमी सैनिक कित्येक दिवस खाटेवर राहतात, त्यामुळे सहाच नावाजलेल्यांवर भिस्त ठेवणारा खेळाडू मधल्या टप्प्यात हटकून अडकतो. दुसरी फळी सोप्या मोहिमांवर घडवावी लागते. कथा पुढे नेण्यासाठी स्कलजॅक हे साधन अ‍ॅडव्हेंट अधिकाऱ्यावर वापरावे लागते. ते वापरताच तिथे कोडेक्स प्रकट होतो, म्हणून आसपासची टोळी निपटल्यावर आणि बंदुका भरलेल्या असतानाच ते करावे.

काठिण्याच्या चार पायऱ्या आहेत : रूकी, व्हेटरन, कमांडर आणि लेजंड. खालच्या पायऱ्यांवर खेळ पडद्यावर न दाखवता नेमाच्या टक्क्यांत गुपचूप खेळाडूच्या बाजूने भर घालतो, लेजंडवर घालत नाही; ‘वरच्या पायरीवर खेळ फसवतो’ या तक्रारीचे कारण बरेचसे हेच. जतन केलेला खेळ उघडून तीच गोळी पुन्हा झाडली तर निकालही तोच येतो, कारण फाशांचा क्रमही जतन होतो. क्रम बदलला तरच निकाल बदलतो. आयर्नमॅन प्रकारात ही सोयही नाही, एकच नोंद राहते.

२९ ऑगस्ट २०१७ रोजी आलेल्या ‘वॉर ऑफ द चोझन’ या विस्ताराने असॅसिन, हंटर आणि वॉरलॉक हे तीन पाठलाग करणारे शत्रू, रीपर, स्कर्मिशर व टेम्प्लर हे तीन मित्रगट आणि सैनिकांचा थकवा आणला. त्यातल्या ‘लॉस्ट’ या झोंबींच्या झुंडींसमोर नेहमीची शिकवण उलटी होते. गोळीने घेतलेल्या प्रत्येक बळीमागे एक चाल परत मिळते, म्हणून ज्याची गोळी हमखास जीव घेईल त्यानेच मारावे. आणि बॉम्ब टाळावा, कारण आवाजाने आणखी झुंड येते. मोहिमांची घड्याळे दुप्पट करण्याचा पर्यायही याच विस्ताराने दिला. मूळ खेळाची वेळमर्यादा जाचक वाटून ती बदलणारे मॉड, म्हणजे इतरांनी खेळात केलेले फेरबदल, वापरणाऱ्यांसाठी ही उशिरा आलेली सवलत होती. पॅव्होनिस इंटरॅक्टिव्हचा (पूर्वीचे लाँग वॉर स्टुडिओज) ‘लाँग वॉर २’ हा जानेवारी २०१७ मधला मॉड मात्र खेळ कितीतरी लांबवतो आणि अनेक तुकड्या एकाच वेळी सांभाळायला लावतो. मूळ मोहीम कमांडर पायरीवर एकदा पूर्ण केल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.