नाझारे: होड्या वाळूवरून बंदरात गेल्या, त्याची पार्श्वभूमी

पोर्तुगालमधल्या नाझारेच्या वाळूवर मांडलेल्या रंगीत होड्या आता मासेमारीला जात नाहीत. १९८०च्या दशकात गावाच्या दक्षिणेला बंदर झालं आणि धंदा तिकडे हलला. आज तिथं जे दिसतं, त्यातलं बरंचसं या एका निर्णयातून आलेलं आहे.

त्याआधी होडी थेट लाटेत लोटत. तळ सपाट, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक उंच आणि अणकुचीदार, म्हणजे फुटती लाट कापता येई. खरा धोका परतताना. होडी लाटेला आडवी झाली की उलटायची आणि किनाऱ्यावर थांबलेल्या घरच्यांच्या डोळ्यांदेखत माणसं बुडायची. होडी वर ओढायला आधी बैल, मग ट्रॅक्टर. किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं आपल्या रापणीच्याच जातीचं: दोराचं एक टोक काठावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळं सोडते आणि दुसरं टोक काठावर आणते. दोन्हीकडून सारखं ओढावं लागतं. एक बाजू पुढे गेली की जाळ्याचं तोंड तिरकं होऊन मासळी निसटते.

बंदरामुळे किनारा ओस पडला, ही तक्रार खोटी नाही. ओढणं, वाटणी, लिलाव, सगळं वाळूवरून उठलं; उन्हाळ्यात होणारी रापण आता पाहुण्यांसाठीचं प्रात्यक्षिक आहे. तरीही निर्णय योग्यच होता. देखाव्यासाठी कुणी रोज जीव धोक्यात घालावा, असं म्हणता येणार नाही.

सुकवण मात्र टिकली, तीही ठरलेल्या जागेपुरती. मासा पोटातून उघडून साफ करतात, धुतात, मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि लाकडी चौकटीच्या जाळीवर उघडा पसरतात. बांगड्याएवढ्या माशाला कोरड्या हवेत दोन-तीन दिवस पुरतात. हवा दमट राहिली तर मांस मऊ पडून वास मारतं.

पर्यटन बंदराहून जुनं आहे. किनारा आणि वरची कड्यावरची वस्ती जोडणारी रेल्वे १८८९ची. पण हिवाळ्यात गर्दी होऊ लागली ती २०११नंतर, इथल्या विक्रमी लाटेची बातमी जगभर गेल्यावर. २०२०मध्ये इथंच २६.२१ मीटरच्या लाटेवर सर्फिंग झालं. समुद्रतळाची सुमारे ५,००० मीटरपर्यंत खोल जाणारी घळ किनाऱ्याजवळ येऊन संपते. तिच्यामुळे लाटा वळतात, एकमेकींवर चढतात आणि कड्याच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर उसळतात. गावापुढचा किनारा त्या मानाने शांत राहतो. या लाटा साधारण ऑक्टोबर ते मार्चमधल्या. सुकवण आणि रापण पाहायची तर उन्हाळ्यात जावं.