अग्निवीरांच्या घरकर्जाबद्दल: फाइल देण्याआधी एवढं वाचा

रजेवर आलेला मुलगा, सोबत वडील, कधी मामा. आम्ही बँकांकडून घरकर्ज जुळवून देतो. आमच्या साताऱ्याच्या ऑफिसात खुर्चीवर टेकायच्या आत पहिला प्रश्न येतो, "पोरगं मिलिट्रीत आहे, लोन किती बसंल?" आम्ही विचारतो, "भरतीची तारीख काय?" आणि तिथंच वातावरण जरा गार होतं. कुणाला वाटतं आम्ही पोराच्या नोकरीवर शंका घेतोय. तसं नाही. त्या तारखेवरच सगळी फाइल उभी राहते, म्हणून पगाराच्याही आधी ती विचारतो.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. त्यातून सैन्यात भरती झालेला तो अग्निवीर. नोकरी चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम घेणार, हे आता गावात शाळकरी पोरालाही माहीत आहे. पहिल्या तुकड्या २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेल्या, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटाकडे भरायला लागतात. त्यामुळे सध्या आमच्याकडे येणाऱ्या दहा घरांत एकच वाक्य ऐकू येतं: "आमचा कायम होणारच आहे."

होऊ दे, आम्हालाही पेढे खायचेत. पण आशेवर वीस वर्षांचा हप्ता बांधून द्यायला बँक तयार नसते, आणि तिचं चुकतंय असं आम्हाला वाटत नाही. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना आरक्षण जाहीर झालंय, तेही बँक उत्पन्नात धरत नाही. आरक्षण म्हणजे हातात आलेली ऑर्डर नव्हे.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक छापलं ती सांगतो. कुणीतरी सल्ला देतं, "अग्निवीर लिहूच नका, नुसतं आर्मी लिहा, सर्व्हिस शिल्लक पंधरा वर्षं टाका." कोरेगावकडच्या एका घराने हेच केलं. फ्लॅट पसंत पडला, दोन लाख विसार दिला, ४५ दिवसांत व्यवहार पुरा करायचा असं पावतीवर लिहून दिलं. फाइल दुसऱ्याच कुणाकडून गेली होती. व्हेरिफिकेशनला बँकेने पे स्लिप आणि भरतीची तारीख ताडून पाहिली आणि बाविसाव्या दिवशी फाइल परत आली. अग्निवीराला वर्षाला रजा ३० दिवस. पोरगं युनिटला परत गेलं, विसाराची मुदत टळली आणि मधल्या काळात घाबरून आणखी दोन बँकांत अर्ज टाकले गेले. एवढं झाल्यावर ते आमच्याकडे आले. तोवर सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदवहीवर, तीन चौकश्या नोंदल्या गेल्या होत्या आणि चौथी बँक लेखी विचारत होती, आधी नाकारलं का? सरळ फाइल असती तर त्याच रजेत मंजुरीपत्र हातात पडलं असतं, रक्कम थोडी कमी भरली असती इतकंच. ते दोन लाख अर्धेच परत मिळाले.

म्हणून आमची पद्धत अशी आहे की अग्निवीराच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर भरतीची तारीख आणि चार वर्षं कधी भरतात ते स्वच्छ लिहायचं. लोक म्हणतात, "तुम्हीच फाइल अडवता." आमचा मोबदला कर्ज वाटप झाल्यावर बँकेकडून येतो, तुमच्याकडून आम्ही फी घेत नाही. नाकारलेल्या फाइलचं आम्हाला काहीच मिळत नाही, तेव्हा अडवण्यात आमचा काय फायदा?

बरं, खरं लिहून कर्ज मिळतं का? मिळतं, पण एकट्याच्या पगारावर नाही. चौथ्या वर्षाचा पगार ४०,०००. त्यातले १२,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पैशांत, जातात, हातात येतात २८,०००. बँक हातात येणारे पैसे बघते, तेही चार वर्षं भरेपर्यंतच. त्यामुळे सोबत असा सहअर्जदार लागतो ज्याचं उत्पन्न पुढेही चालू राहील. एसटीत कायम नोकरी असलेला भाऊ, डेअरीचं बिल बँकेत जमा होणारे वडील, शिक्षिका बहीण. नुसतं शेतीचं तोंडी उत्पन्न सांगून भागत नाही, खात्यावर दिसलं पाहिजे. आणि सहअर्जदाराची सही म्हणजे हप्त्याची जबाबदारी, हे भावाच्या बायकोलाही आधीच सांगा. नंतरची भांडणं आम्ही ऑफिसात बसून ऐकली आहेत.

आता सेवा निधी. चार वर्षांनी साधारण ११.७१ लाख एकरकमी मिळतात, त्यावर आयकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, त्यामुळे जे काही आहे ते हेच. समजा १८ लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण १५,६०० बसतो. वर्षभराने सेवा निधीतले १० लाख कर्जात भरले, तर राहतात सुमारे ७.६४ लाख. वैयक्तिक घरकर्जाचा व्याजदर फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण इथे एक मेख आहे. पैसे भरल्यावर बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते. व्याजाच्या दृष्टीने ते चांगलं, पण नोकरी सुटलेल्या माणसाला मुदतीचं काय करायचंय? त्याच्या डोक्यावरचे १५,६०० तसेच राहतात. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या: "मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा." वरच्या उदाहरणात हप्ता मग साधारण ६,७५० वर येतो, आणि तो भाऊ एकटाही ओढू शकतो. अर्जाचा नमुना आमच्याकडे ठेवलेला आहे, कर्ज आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी घेऊन जा. वरचे दीड-पावणेदोन लाख मात्र हाताशी ठेवा, सगळे कर्जात ओतू नका. पुढची नोकरी लागायला सहा महिने सहज जातात.

आणखी एक. नोकरीत असताना असलेलं ४८ लाखांचं विमा कवच चार वर्षांबरोबर संपतं. कर्ज मागे राहतं. साधी टर्म पॉलिसी कुठूनही घ्या, आम्ही विमा विकत नाही.

जुन्या भरतीचे, पेन्शनवर येणारे जवान यात येत नाहीत. नोकरीत दोन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळतंय की नाही याची धाकधूक त्यांनाही असते, पण पेन्शन असल्याने बँक त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघते. त्यांना एवढंच विचारतो, कम्युटेशन किती करणार, म्हणजे पेन्शनचा किती भाग विकून आधीच एकरकमी घेणार? निम्मी पेन्शन विकली तर मूळ पेन्शन निम्मीच हातात येते, आणि हप्ता त्यावर बसतो. महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळत राहतो हे खरं, तरी आकडा आधी मांडलेला बरा.

रजा मंजूर झाली की गावी पोहोचायच्या आधीच फोन करा. भरतीची तारीख, शेवटच्या तीन पे स्लिपा आणि सहअर्जदाराचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट व्हॉट्सअॅपवर पाठवलंत तर किती कर्ज बसेल ते दोन दिवसांत सांगतो. विसार त्यानंतर द्या. खरेदीखताच्या वेळी मुलगा पोस्टिंगवर असणार असेल तर वडिलांच्या नावाचं मुखत्यारपत्र याच रजेत सब-रजिस्ट्रारसमोर करून घ्या, नोटरीच्या कागदावर नोंदणीला अडतं. जवानांसाठी ऑफिस रविवारीही सकाळी दहा ते एक उघडं असतं.