तुतीची चुलतबहीण मोरा, आणि तिच्या तुरटपणाची गोष्ट

बीड-जालन्याकडे तुती लावतात ती पाल्यासाठी. रेशीमकिड्यांची एक बॅच निघाली की छाटणी, पुन्हा कोवळा पाला, पुन्हा नवे अंडीपुंज. फळ धरायला झाडाला सवडच मिळत नाही. पण एखादं झाड बांधाच्या कडेला कोयत्यातून सुटतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला काळ्या-जांभळ्या तुतींनी लगडतं. मामांच्या शेतात असं एक झाड आहे. खाली जुनं लुगडं अंथरून फांदी हलवली की तुती टपाटप पडतात. त्या लुगड्यावरचे डाग तीन धुण्यांनंतरही गेलेले नाहीत.

स्पॅनिश भाषेत तुतीला ‘मोरा’ म्हणतात, आणि ब्लॅकबेरीलाही मोराच. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून मी तिला चुलतबहीण म्हटलं. खरं नातं बरंच लांबचं. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली. तिचे सगळे मणी एकाच फुलातून तयार होतात. तुतीचा मात्र मणी न् मणी वेगळ्या फुलाचा असतो.

थंड देशांतल्या ब्लॅकबेरीला बहर धरायला हिवाळ्यातला गारठा लागतो. कोलंबिया, इक्वेडोर, कोस्टा रिका इथल्या डोंगराळ भागातल्या जातींना तो लागत नाही. रुबस ग्लॉकस आणि रुबस अॅडेनोट्रायकोस या त्यांतल्या दोन. इथून पुढे मोरा म्हणेन ती हीच डोंगरी ब्लॅकबेरी. उंचावरची गार हवा त्यांना पुरते आणि त्या वर्षभर फळतात. आपलं छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, त्यात एप्रिल-मेचं ऊन. तेव्हा ही रोपं आणून लावा असं मी कुणाला सांगणार नाही. त्या फळाचा अभ्यास ज्या चिकाटीने झाला, तो मात्र आपल्या कामाचा आहे.

संशोधकांनी आधी विचारलं, फळ तोडायचं कधी? लालसर, लाल आणि गडद अशा वेगवेगळ्या टप्प्यांवरची फळं तपासली. पिकताना रंगद्रव्यं म्हणजे अँथोसायनिन वाढत जातात आणि एलाजिटॅनिन नावाची तुरट द्रव्यं घटत जातात. म्हणजे रंग हवा असेल तर थांबायचं, तुरटपणा हवा असेल तर लवकर तोडायचं. एकाच तोडणीत दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत.

तुरट लागतं म्हणजे नेमकं काय होतं? टॅनिन, म्हणजे एलाजिटॅनिनसारखं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना घट्ट धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. डाळिंबाची साल दाताखाली आली की तोंड आखडतं ते यामुळेच. त्या सालीत प्युनिकॅलाजिन हे याच घराण्यातलं टॅनिन भरपूर असतं. नुसत्या दाण्यांच्या रसात ते फार थोडं उतरतं. अख्खं फळ सालीसकट दाबलं तर बरंच येतं.

मोराचं फळ इतकं नाजूक की तोडल्यावर दोन-चार दिवसांत पाणी सुटतं. म्हणून रस, जॅम, वाइन. पण उष्णतेने अँथोसायनिन मोडतात आणि रस तपकिरी पडायला लागतो. यावर उपाय म्हणून रस न तापवता अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळून पाहिला गेला. जंतू मागे अडकतात आणि रंग पार होतो. खोच वेगळीच आहे. मोरातल्या एका प्रमुख रंगद्रव्याचा रेणुभार ४४९, तर लॅम्बर्टियानिन सी या तिच्यातल्या एका टॅनिनचा सुमारे २८००. असे अवजड रेणू गराला चिकटतात, पडद्यावर साचतात आणि काही प्रमाणात मागेच राहतात. रस दिसायला सुंदर होतो, पण त्यातलं थोडं काहीतरी चोथ्यात जातं. मला या अभ्यासातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण बाटलीवरचा गडद रंग पाहून आपण आत सगळंच असेल असं धरून चालतो.

आता औषधी गुणांबद्दल. परीक्षानळीत मोराचा अर्क ऑक्सिडीकरण जोरात रोखतो, हे खरं. पण नळी म्हणजे पोट नव्हे. असे अँटिऑक्सिडंट आकडे जाहिरातीत सर्रास वापरले जाऊ लागले, तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या संकेतस्थळावरची अशी यादी २०१२ साली काढून टाकली. एलाजिटॅनिन जसंच्या तसं रक्तात जात नाही. पोटात त्यापासून एलाजिक आम्ल सुटतं, आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याचं युरोलिथिन नावाचं द्रव्य बनवतात. हे जीवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. त्यामुळे तेच फळ खाऊन एकाच्या शरीरात युरोलिथिन भरपूर तयार होतं, तर दुसऱ्याच्या जवळजवळ नाहीच. ‘मोरा खा, साखर उतरवा’ असं कुणी सांगितलं तर हे आठवावं.

आणि रंग? मोरातला सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आपल्या काळ्या तुतीतही आहे. तो घरी ओळखता येतो. गेल्या चैत्रात भाचीला घेऊन मी मूठभर तुती पाण्यात कुस्करल्या आणि पाणी तीन वाट्यांत ओतलं. एका वाटीत लिंबू पिळलं तर लालभडक झालं. दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाकला, तर निळसर होत होत थोड्या वेळाने हिरवट मळकं दिसायला लागलं. तिसरी वाटी तशीच ठेवली होती. भाचीने ती उन्हात नेऊन ठेवली आणि दुपारभर दर तासाला रंग किती फिका झाला ते वहीत लिहीत बसली.