संत्र्याच्या एका बीतून तीन रोपं का येतात?

कोय पुरून हापूस मिळत नाही, हे बेळगाव-खानापूरकडच्या कुणाला सांगावं लागत नाही. कोयीतून येतो तो रायवळ. हापूस हवा तर कलमच आणायचं. हा अनुभव इतका पक्का आहे की आपण तो सगळ्याच फळझाडांना लावून टाकतो. परड्यात संत्र्याची बी रुजवली असं कुणी म्हटलं की शेजारी लगेच सांगतात, "जंगली निघणार ते, आंबटढाण." आंब्याला लागू पडणारा हा नियम संत्र्याला बहुतेक वेळा लागू पडत नाही. तो का पडत नाही, याचं उत्तर मला वनस्पतींच्या जगातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

ती घरी पाहता येते. डिसेंबर-जानेवारीत खडेबाजारात नागपुरी संत्री आणि किन्नू दोन्ही मिळतात. किन्नू घ्या, त्यात बिया भरपूर असतात. बी धुऊन तिची वरची पांढरी टरफलं अलगद सोला. आत पिस्त्यासारखा हिरवा गर दिसेल, आणि नीट पाहिलंत तर तो एकसंध नसून लहानमोठ्या तुकड्यांचा असेल. हे तुकडे म्हणजे वेगवेगळे भ्रूण. दुसऱ्या काही बिया न वाळवता अर्धा इंच खोल पेरा. वाळलेल्या बीची उगवण झपाट्याने घटते. आपल्या थंडीत कोंब यायला वेळ लागतो, म्हणून कुंडी उबेला ठेवा. बऱ्याच बियांतून एकाऐवजी दोन, कधी तीन रोपं वर येतील.

डच सूक्ष्मदर्शककार लेवेनहुक यांनी 1719 साली संत्र्याच्या बीत एकाहून अधिक भ्रूण असल्याची नोंद केली होती. पण हे जादा भ्रूण येतात कुठून, हे कळायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्ट्रासबुर्गर यांनी 1878 मध्ये ते दाखवलं.

शाळेत शिकलेलं आठवा. परागकण फुलाच्या कुक्षीवर पडतो, त्यातून नलिका निघून बीजांडापर्यंत जाते, नर पेशी अंडपेशीला मिळते आणि भ्रूण तयार होतो. या भ्रूणात निम्मी जनुकं आईची, निम्मी बापाची. हापूसच्या कोयीत असा एकच भ्रूण असतो, म्हणून तिच्यातून हापूस येत नाही. संत्र्यातही हा भ्रूण तयार होतो. पण अंडपेशी जिच्या आत असते त्या भ्रूणकोशाभोवती आईच्या साध्या पेशींचं वेष्टन असतं. त्याला न्यूसेलस म्हणतात. या पेशींचा फलनाशी काही संबंध नाही. त्या पानातल्या किंवा सालीतल्या पेशींसारख्या, पूर्णपणे आईच्या. संत्र्यात यांतल्याच काही पेशी विभागू लागतात, भ्रूणकोशात घुसतात आणि स्वतःच भ्रूण बनतात. बाप नाही, जनुकांची फेरवाटणी नाही. त्यांतून उगवणारं रोप म्हणजे जनुकांच्या हिशेबाने पुन्हा तीच आई.

तरीही परागकण बहुधा लागतोच. भ्रूणांना पोसणारा भ्रूणपोष फलनाशिवाय नीट वाढत नाही, आणि बापाविना जन्मलेल्या भ्रूणांनाही तोच अन्न पुरवतो. एका बीत मग अन्नासाठी स्पर्धा सुरू होते. न्यूसेलसचे भ्रूण संख्येने जास्त, त्यामुळे फलनातून आलेला खरा भ्रूण बऱ्याचदा मागे पडतो, चेपला जातो आणि मरतो.

संकर जगला की नाही हे ओळखायची एक सुंदर युक्ती शास्त्रज्ञांकडे आहे. पॉन्सिरस नावाच्या लिंबूवर्गीय झुडपाचं पान बेलासारखं त्रिदल असतं, आणि हा गुण संततीत हमखास उमटतो. संत्र्याच्या फुलावर पॉन्सिरसचे पराग टाकायचे आणि रोपं मोजायची: त्रिदल पानांची तेवढी संकरित, साध्या पानांची सगळी आईची प्रत.

यामागचं जनुक 2017 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी शोधलं. ते आरडब्ल्यूपी-आरके या कुळातलं आहे. इतर वनस्पतींत या कुळातली काही जनुकं पेशीला अंडपेशीची ओळख देण्याचं काम करतात. संत्र्यात या जनुकाच्या अगदी लगत, त्याला चालू-बंद करणाऱ्या प्रोमोटर भागात, एमआयटीई प्रकारचा, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणाऱ्या डीएनएचा, एक छोटा तुकडा येऊन बसलेला आहे. त्यामुळे हे जनुक भलत्या जागी, म्हणजे बीजांडाच्या साध्या पेशींत, जोरात चालू होतं. जोडीतल्या एका प्रतीत हा तुकडा असला तरी पुरतो. पपनस आणि महाळुंग यांच्यात तो नाही, म्हणून त्यांच्या बीत एकच भ्रूण. मोसंबीचं मूळ पपनस आणि मंडारीन गटातल्या संत्र्याच्या संकरात आहे. तिला हा गुण संत्र्याच्या बाजूने मिळाला.

आपण ज्या किन्नूच्या बिया सोलल्या, तो याच संशोधनाच्या वाटेवर जन्मला. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड इथे हॉवर्ड फ्रॉस्ट न्यूसेलसच्या भ्रूणांचा अभ्यास करत होते. त्यांनी 1915 मध्ये किंग आणि विलो लीफ या दोन जातींचा संकर केला आणि 1935 मध्ये किन्नू प्रसारित झाला. आईच्या प्रतींच्या गर्दीतून खरा संकर निवडून काढायला किती चिकाटी लागली असेल!

मग परड्यात बी लावावी की कलम? बीचं रोप गोड फळ देईल अशी शक्यता दाट आहे, पण उशिरा. जनुकं आईची असली तरी भ्रूण झाल्यामुळे झाडाचं वय पुन्हा शून्यावर येतं. रोप सरळसोट वाढतं, लांब काटे धरतं आणि पहिल्या फुलाला सात-आठ वर्षंही घेतं. कलमासाठी डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, प्रौढ फांदीवरून घेतलेला असतो आणि ते प्रौढपण त्याच्यात टिकून राहतं, म्हणून कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळतं. छोट्या जागेत कलमच लावा. मात्र त्या कलमाची मुळंसुद्धा बीचीच असतात. जंबेरी किंवा रंगपूर लाइम या आंबट लिंबूवर्गीय झाडांच्या बिया पेरून खुंट, म्हणजे ज्यावर डोळा बांधतात ती रोपं, तयार करतात, आणि त्यांच्याही बीत आईच्याच प्रती असल्यामुळे सगळे खुंट सारखे निघतात. अथणी-रायबागकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत रंगपूर लाइमचा खुंट चांगला टिकतो.

चांगलं झाड काही वर्षांनी एकदम आंबट फळं देऊ लागलं, अशी तक्रार बरेच जण करतात. तिथे कलमाच्या सांध्याखालून खुंटच फुटलेला असतो. रंगपूर लाइमचं फळ दिसायला छोट्या संत्र्यासारखं, चवीला लिंबासारखं. सांध्याखालची फूट कोवळी असतानाच हाताने मोडून काढत जा.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. श्रावणात संत्र्याचं किंवा लिंबाचं झाड वाळलं की पाळीतल्या बाईचा हात लागला असं आजही म्हटलं जातं. झाड मारते ती फायटोप्थोरा. बुरशीसारखा हा सूक्ष्मजीव साचलेल्या पाण्यात पोहणारे बीजाणू सोडतो, मुळं कुजवतो आणि खोडातून डिंक काढतो. खानापूरकडच्या आषाढ-श्रावणातल्या पावसात त्याला हवं ते सगळं मिळतं. उपाय साधा आहे: उंचवट्यावर लावणी, सांधा मातीच्या वितभर वर, पाणी खोडाला न लागू देणारं दुहेरी आळं, आणि पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे 10 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना. घरातल्या बाईला बोल लावल्याने एकही मूळ वाचत नाही. काळ्या-निळ्या संत्र्यांची चित्रं छापून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बियांच्या पाकिटांवरही पैसे घालवू नका. असली संत्री अस्तित्वात नाहीत.

कलम आणताना मातृवृक्ष रोगमुक्त असल्याची खात्री देणारी सरकारी किंवा विद्यापीठाची रोपवाटिका निवडा. ट्रिस्टेझासारखा विषाणू बीतून सहसा जात नाही, डोळ्यातून मात्र जातो. ग्रीनिंग हा रोगही डोळ्यातून येतो, शिवाय सिल्ला नावाची बारीक कीड तो पसरवते. ही कीड कढीपत्त्यावरही वाढते, कारण कढीपत्ता संत्र्याच्याच कुळातला. आपल्याकडे परड्यात कढीपत्ता असतोच, तेव्हा संत्रं त्याच्यापासून लांबच्या कोपऱ्यात लावा. नवी पालवी आली की दोन्ही झाडांची कोवळी पानं उलटून पाहा. मेणासारखे पांढरे धागे सोडणारी चपटी पिल्लं दिसली तर ते शेंडे खुडून टाका आणि निंबोळी अर्क फवारा.